इंदोरा चौकातला गोल

इंदोरा, नागपूर
३ मार्च २०२४

चि. अंकुश यास,
सप्रेम जयभीम. तुझं पत्र नाही, फोन बंद. म्हणजे तू आता मोठा माणूस झालास, असं आम्ही धरून चाललो आहोत. मी आणि तुझी धाकटी बहीण मेघा खुशाल.

शुक्रवारच्या पेपरात शहराच्या पानावर बातमी आली, की शेवटच्या मिनिटाला नागपूरकर अंकुशच्या गोलनं सामन्याचा निकाल लागला. दोनच ओळी, पण मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. इतकी वर्षं लोक मला विचारतात, पोरानं गोल किती मारले. तो बचावफळीत असतो असं सांगितलं की समोरचा असा बघतो, जणू तू बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतोस. आता विचारा म्हणावं!

आपल्या वॉर्डात पुढारी व्हायला निघालेल्या धोंडबानं लगेच चौकात फ्लेक्स लावला. मधोमध गॉगल घातलेला धोंडबा, वर वॉर्डातले झाडून सगळे नेते आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा तू. पण नाव तुझं मोठ्या अक्षरांत आहे. ते वाचून कामठी रोडवरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कामिनीताई घरी आल्या. त्यांना जूनपासून फुटबॉलचा प्रशिक्षक पाहिजे आहे, आणि तोही गोल मारणारा. मी तुझ्या वतीनं हो सांगून टाकलं.

बेटा, गोवा, कोलकाता, शिलाँग, जालंधर, कोझिकोड, इंफाळ आणि आता ऐझॉल. आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या नोकरीत या सगळ्या गावांच्या टपालथैल्या मी नागपूर स्टेशनात बांधल्या. त्या थैल्या परत तरी यायच्या. आता तूही ये. मेघा मिहानमधल्या कंपनीतून येईपर्यंत दिवसभर मी भिंतींशी बोलतो.

सामना मी पाहिला नाही, हे सांगायला नको. तुझा एकच सामना पाहिला होता आणि तुम्ही पाच गोल खाल्ले. आपण नवस-सायास न मानणारी माणसं, पण मी पाहिलं की तू हरतोस, एवढं एक मी मानतो.

उत्तर लवकर धाड. माया आहेच, ती वाढत असावी.
तुझा बाबा,
देवाजी

ऐझॉल
१२ मार्च २०२४

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. वाचून उशीखाली ठेवलं, तरी त्यातला मजकूर काही बदलला नाही.

गोल मी केला, हे खरं. त्यानं निकाल लागला, हेही खरं. कोणत्या जाळीत केला, तेवढं पेपरवाल्यानं लिहिलं नाही. आमच्याच जाळीत, बाबा. चेंडू बाहेर काढायला गेलो, तो बुटाच्या कडेला लागून आत गेला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मॅनेजरनं माझ्या ताटात अंडी वाढता वाढताच सांगितलं, की पुढच्या हंगामाचा करार होणार नाही.

तेरा वर्षं मी चेंडू अडवले, त्यावर कुणी साधी पाटी लावली नाही. एक अडवता आला नाही, तर त्याच्यावर अख्ख्या वॉर्डाचे नेते जमले! तेवढा फ्लेक्स उतरवायला सांगा, आणि कामिनीताईंना खरं काय ते सांगून टाका. मला तोंड दाखवायची लाज वाटते. पण शाळा ठेवो न ठेवो, हा हंगाम संपला की मी घरी येतो. थकलो आहे. बूट इथंच टाकून येणार.

मेघाला सांगा, मला हसून घे, पण मी पोहोचायच्या आत. तुमच्या मायेवर हक्क सांगणारा,
अंकुश

इंदोरा, नागपूर
२४ मार्च २०२४

चि. अंकुश यास,
सप्रेम जयभीम. तुझं पत्र वाचून आधी मला हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

धोंडबाला सांगितलं, तर त्याचं म्हणणं असं, की गोल तो गोल, कोन्या जाळीत गेला ते कोन पाहून राहिलं गा! शेवटी निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि महापालिकेच्या माणसांनी सगळ्या नेत्यांसकट तुलाही उतरवलं.

कामिनीताईंकडे मी स्वतः गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, की मग एवढी वर्षं तुमच्या मुलानं नेमकं केलं काय? अंकुश, मला उत्तर देता आलं नाही. ती नोकरी गेली. पण बाप असून उत्तर आलं नाही, हे मला फार लागलं.

घरी येऊन मेघाला विचारलं. तिनं लॅपटॉपवर तुझा शिलाँगचा जुना सामना लावला. मी नको नको म्हणत होतो, तर म्हणाली, की होऊन गेलेल्या मॅचले तुमच्या पाहण्यानं काय होते, बाबा. ते मला पटलं. चेंडू गोलकीपरला चकवून गेला होता, रेषेपाशी पोहोचला होता, आणि कुठून कोण जाणे तू घसरत आलास आणि तो बाहेर काढलास. कॅमेरा लगेच दुसरीकडे वळला. मी मात्र इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मेघा दचकली.

त्यानंतर आठवडाभर आम्ही हेच करतो आहोत. कोझिकोड पाहिलं, जालंधर पाहिलं. सगळीकडे तू मागे धावत येतोस आणि समोरच्याचा गोल होत नाही. यालाच तुझं काम म्हणतात, हे मला सत्तरीत कळलं. मला तुझा अभिमान वाटतो. तोंडानं मला सांगता यायचं नाही, म्हणून लिहितो.

तेव्हा आता घरी येऊ नकोस. वर्षानुवर्षं ये ये म्हणणारा मीच हे लिहितो आहे. बूट टाकू नकोस. एखादा लहानसा क्लब शोध, अजून एक हंगाम खेळ. मला समोर बसून तुला पाहायचं आहे. पाच गोल खाल्लेत तरी चालेल.

मेघाचा जयभीम. तब्येतीला जप, आणि माझ्यावर राग धरू नकोस.
तुझा बाबा,
देवाजी

राउरकेला
६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि. शोधता शोधता हंगाम सुरू व्हायची वेळ आली, पण इथं जागा मिळाली. क्लब लहान, पगार त्याहून लहान, आणि माझा गुडघा संध्याकाळी कुरकुरतो. पण कोच जुना बचावपटू आहे, त्याला माझ्याकडून गोल नको आहेत.

मेघानं तुमचं दोघांचं तिकीट काढल्याचं कळवलं. गाडी नागपूरहून थेट आहे. स्वेटर आणा, आणि मैदानावर आल्या आल्या सगळ्यांना पत्ते विचारत बसू नका.

सामना रविवारी दुपारी आहे. मधल्या गॅलरीत तुम्हाला मानाची जागा देणार होते, मी नको म्हटलं. आमच्या जाळीच्या मागे दोन खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत; मध्यंतरानंतर बाजू बदलली की त्याही पलीकडे हलवतील. आम्ही गोल केला, तर तो पार पलीकडच्या टोकाला होईल आणि तुम्हाला नीट दिसणार नाही. मी दिसेन.

वाट पाहतो,
अंकुश