पोत्यातली ऊब

गुरुवार, संध्याकाळ. अल मजाज.

हे वारले त्याआधी त्यांनी आणलेल्या तांदळाच्या पोत्यात आज हात घातला, तर आत ऊब. एसीचं पाणी झिरपलं असणार. हे धान्याचे व्यापारी. सांगायचे, जुन्या गलबतांवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून बघायचा. ऊब लागली की धान्य कुजतंय. ते पोतं लगेच समुद्रात, नाहीतर सगळा माल जातो.

मीरा म्हणाली, "आई, जस्ट थ्रो इट! बाबा 'खलास, टाकून दे' म्हणाले असते."

म्हणालेच असते. तरी मी पुन्हा हात घातला. त्यांच्या वस्तूंत एवढीच उबदार उरली होती, कशी टाकू? मीरानेही शेजारी हात घातला.

मग दोघींनी पोतं खाली नेऊन टाकलं.

हात अजून धुतलेला नाही.