वरची मूठ

बाबा, तुमचं न ऐकता मी सरकारची मदत घेतली, आणि आपली तूरडाळ आता दुबईला जाते. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा कुठे हे सांगायची हिंमत झाली. योजनेचे कागद घेऊन कोणी अकोल्यातल्या आपल्या दालमिलवर आलं, की तुम्ही मला आत बोलावून सांगायचात, "सायबाले च्या पाज, पन सही करू नको." तुमच्यामागेही मी चहाच पाजत राहिले, आणि मिल वर्षातले जेमतेम चार महिने चालायची.

शेवटी सरकारी निर्यात केंद्रातल्या अमरावतीच्या मॅडमपुढे मी सही केली. त्यांनी डाळ तपासून घ्यायला लावली, निर्यातीचे कागद करायला शिकवले, गिऱ्हाईक गाठून दिलं. पहिला ट्रक दारात उभा, पोती शिवून तयार, आणि मॅडमनी सहज एक पोतं काट्यावर ठेवलं. जास्त भरलं. दुसरंही जास्त. "कागदावर नाई ते पोत्यात काहून, ताई?" मला लगेच उमगलं. तोलून झाल्यावर वरून एक मूठ टाकायची तुमची रीत; मिलमधल्या आपल्या बाया ती अजून पाळतात. "मालक म्हने, तोलून तं सारेच देतेत," सगळ्यात जुन्या मावशी ठासून म्हणाल्या. पण वजन जुळलं नाही तर माल बंदरात अडकणार होता, आणि पहिलंच गिऱ्हाईक तुटलं असतं तर मिलला कुलूप.

मग दिवसभर आम्ही शिवण उसवून पोत्यापोत्यातून मूठ काढत बसलो. मॅडमही पदर खोचून बसल्या. हसून हसून पोट दुखलं. संध्याकाळी अंगणात डाळीचा हा ढीग, आणि मी बघते आहे: तुमचा स्वभाव एवढा मोठा होता तर. ट्रक वेळेत निघाला. त्या ढिगाच्या मी लहान पिशव्या भरल्या आणि दुबईच्या प्रदर्शनात नमुना म्हणून फुकट वाटल्या. तिथल्या गाळ्याचं निम्मं भाडं सरकारनं भरलं होतं. दोन नवी गिऱ्हाइकं त्या पिशव्यांनीच आणली. आता मिल बारा महिने चालते, बाबा, आणि मला रोज सकाळी तिचा आवाज ऐकून फार आनंद होतो.

हे पत्र तुमच्या जुन्या काट्याखालीच राहील, म्हणून एक कबूल करते. दर ट्रकमधलं शेवटचं पोतं मी स्वतः शिवते. एका पोत्यात तेवढा फरक चालतो, हे मॅडमना विचारून घेतलंय. कशासाठी विचारलं, ते मात्र त्यांना सांगितलेलं नाही.