हजेरीतलं दुसरं नाव

रविवार, ६ ऑक्टोबर

घड्याळजींचं नाव आज हजेरीतून काढलं. सलग तीन रविवार उत्तर नाही. सेक्रेटरीबाईंनी काल फोनवर नोंदवहीतल्या तारखा वाचून पक्कं केलं – पंधरा, बावीस, एकोणतीस. आज चौथ्यांदा पुकारलं, पाच सेकंद थांबलो आणि नियमाचं वाक्य वाचलं : 'क्रमांक दोन, सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी करण्यात येत आहे.' पुढे क्रमांक तीन.

सातला सुरू झालेलं सात वाजून अठरा मिनिटांनी आटोपलं. आमच्या हौशी रेडिओ क्लबची, आपापल्या घरी रेडिओ सेटसमोर बसलेली बावीस माणसं. मी पुकारायचं, त्यांनी आपली परवान्यावरची अक्षरी खूण सांगून 'हजर' म्हणायचं – एवढंच तर काम! पूर्वी याला पाऊण तास लागायचा. याचा गुडघा कसा आहे, त्याच्या अँटेनावर कावळ्याने घरटं केलंय का. मी पुकारायला लागल्यापासून ते बंद.

चहा घेतला. गार झाला होता.

सोमवार, ७ ऑक्टोबर

उद्या संध्याकाळी क्लबचं वार्तापत्र जायला हवं. मजकूर तयार आहे. टेकडीवरच्या, आवाज पुढे पोचवणाऱ्या रिपीटरची बॅटरी बदलली. मुलींच्या शाळेत प्रात्यक्षिक झालं. परवान्याच्या परीक्षेत दोन नव्या सभासद पास. शेवटी, तळाला, एक ओळ : क्रमांक दोन यांचे नाव कमी केले.

ती ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकोणतीस वर्षं पेपरात उपसंपादकी केली, किती जणांच्या किती बातम्या सात शब्दांत बसवल्या! हात कधी अडला नव्हता.

मला मोर्स, म्हणजे तारयंत्राची टिंब-रेघांची भाषा, त्यांनीच शिकवली. मी चौतिशीतला, ते पंचेचाळिशीचे. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर चिमट्याने ठोकायचे. मी कागदावर टिंबं आणि रेघा काढायला लागलो की कागद ओढून घ्यायचे. 'मोजू नकोस रे. गाणं ऐकतोस तसं ऐक.' गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं आणि हे मला एक अक्षर दहा-दहा वेळा ऐकवायचे.

गेल्या वर्षीच्या सभेत ठराव मी मांडला. हजेरीला उत्तर तोंडीच द्यायचं, पाच सेकंदांत. मोर्समध्ये फार वेळ जातो. घड्याळजी उभे राहिले. 'आणि एखाद्याचा आवाजच गेला तर?'

मी म्हणालो, 'घड्याळजी, आवाज गेला तर डॉक्टरकडे जायचं, रेडिओवर कशाला येता!'

सभा खो खो हसली. ठराव पास. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या अंकात ते वाक्य चौकटीत छापलं.

ते हसले नव्हते. त्यानंतर दर रविवारी नुसतं 'हजर'. पुढेमागे अक्षर नाही. मग सप्टेंबरात, गणपतीच्या दोन रविवारच्या सुट्टीनंतर हजेरी पुन्हा सुरू झाली, तेव्हा तेही थांबलं. मी धरून चाललो – रुसलेत. रुसू देत!

मंगळवार, ८ ऑक्टोबर

वार्तापत्र गेलं. वेळेच्या पाच मिनिटं आधी.

ही म्हणते, 'कपड्यांचं मशीन केव्हाचं शिट्ट्या मारतंय, आणि तुम्ही त्याला टेकून बसलाय!' म्हटलं, कामात होतो. 'शब्दकोडं सोडवणं हे काम कधीपासून झालं?'

गुरुवार, १० ऑक्टोबर

सेक्रेटरीबाई स्वतः घरी आल्या. शाळेतून थेट, खडूचे हात तसेच. हातात वार्तापत्राची प्रत.

'हे तुम्ही खरंच छापलंत?'

'नियम आहे, बाई.'

'नियम आहे हो. पण माणूस उत्तर देतोय ना!'

'कोण?'

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं खोटं बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघत असतील. 'घड्याळजी. मोर्समध्ये. दर रविवारी. मी ऐकलंय, कंपाउंडरने ऐकलंय, अर्ध्या क्लबने ऐकलंय.'

'मग नोंदवहीत गैरहजर कसं लिहिलंत?'

'तुम्ही गैरहजर म्हणालात म्हणून! तोंडीच उत्तर धरायचं हा ठराव कुणाचा? आम्हाला वाटलं, तुम्ही अडून बसलाय. ऐकून न ऐकल्यासारखं करताय.'

मी विचारलं, 'तोंडाने बोलायला काय झालं होतं त्यांना?'

बाई एकदम खुर्चीत बसल्या. आवाज खाली आला. 'म्हणजे तुम्हाला माहीत नाही?'

ऑगस्टच्या शेवटी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. घड्याळजींच्या पत्नी, वहिनी, म्हणाल्या होत्या, गाजावाजा नको. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कंपाउंडरला कळलं, त्याच्याकडून बाईंना. 'तुम्हाला कुणी वेगळं कशाला सांगेल? त्यांच्याशी तुमचं सगळ्यांत जवळचं नातं आहे ना?'

होतं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

कंपाउंडरकडे गेलो. बाईही आल्या. औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्यापासून त्याने एक खोली जुन्या यंत्रांनी भरली आहे. दर रविवारची हजेरी तो स्पूलच्या टेपवर उतरवून ठेवतो. कशासाठी, ते त्यालाही माहीत नाही. 'सवय आहे, दुसरं काय.'

पंधरा सप्टेंबर लावली. माझा आवाज : 'क्रमांक दोन.' मग खरखर.

'हे बघा, आलं,' कंपाउंडर म्हणाला.

मला काही नाही. नुसती खरखर.

'बारीक आहे, पण स्वच्छ आहे,' बाई म्हणाल्या. दोघांच्या माना एका तालात हलत होत्या. मी टेपला कान चिकटवला. खरखर! मग माझा आवाज – 'गैरहजर. पुढे.'

परत लावली. परत. तिसऱ्यांदा कंपाउंडर टेपकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

'अहो, तुम्हाला खरंच येत नाही ऐकू?'

त्याने समजावलं. मोठा सेट दुकानाच्या माळ्यावर, घड्याळजी जिना चढू शकत नाहीत. खाली त्यांनी स्वतः बनवलेला डब्याएवढा ट्रान्समीटर आहे. तो डायलवरच्या एकाच जागी, एकाच लहरीवर बोलतो, आणि ती जागा आपल्या जागेपासून जरा सरकलेली. म्हणून आपल्याकडे त्याचा सूर फार वर लागतो – डास गुणगुणावा तसा. 'वयाने पहिल्यांदा तेच सूर जातात.' बोलता बोलता त्याने टेपचा खटका फिरवला. अर्धा वेग.

आधी माझाच आवाज आला – रेड्यासारखा, ओढत. 'क्र–मां–क दो–न.' आणि त्याच्यामागे, मऊ, खालच्या सुरात, ते आलं. टिंब. रेघ. अडखळणारं. डाव्या हाताचं. पण घडण त्यांचीच. कुठेही ओळखली असती.

पंधरा तारखेला त्यांनी आपली खूण पूर्ण पाठवायला घेतली. निम्म्यावर मी 'गैरहजर' म्हणालो. मी बोलत असताना माझा सेट ऐकत नाही, कंपाउंडरचा ऐकतो. माझ्या आवाजाखाली ते उरलेली अक्षरं पाठवत राहिले होते. बावीसला खुणेची शेवटची दोनच अक्षरं. एकोणतीसला एकच.

'पाच सेकंदांत बसवत होते,' बाई म्हणाल्या.

मग सहा ऑक्टोबर. पुन्हा एकच अक्षर. मग माझं वाक्य, सबंध, स्पष्ट : नाव कमी करण्यात येत आहे. त्यानंतर मी क्रमांक तीन पुकारण्याआधी जो श्वास घेतला, तेवढ्या फटीत – टिंब, रेघ, टिंब. आर. आम्हा लोकांत त्याचा अर्थ : मिळालं, कळलं.

कंपाउंडरने टेप बंद केली. चहा विचारला. कुणाला नको होता.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सकाळी दहाला गेलो. दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. वहिनींनी दार उघडलं. 'या भाऊजी. वर्ष झालं हो.' चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

टेबलावर तो डब्याएवढा सेट, त्यावर घडी घालून कापड. 'त्या रविवारी हेडफोन काढला, बटण बंद केलं आणि स्वतःच झाकून ठेवलं,' वहिनी म्हणाल्या. 'मला वाटलं, दमले.'

ते खिडकीशी. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मला बघितलं आणि नजर खिडकीबाहेर.

रात्रभर वाक्यं जुळवली होती. म्हणालो, 'मला ऐकू आलं नाही.'

त्यांनी वळून पाहिलं. पुन्हा खिडकी. विश्वास कसा बसावा? माझ्याच तोंडून त्यांनी स्वतःचं नाव कमी झालेलं ऐकलं होतं.

'खोटं नाही. कानातले वरचे सूर गेलेत. कालच कळलं. टेप अर्ध्या वेगाने लावली तेव्हा ऐकलं सगळं. आर सुद्धा.'

त्यांनी डाव्या हाताने टेबलाचा खण ओढला. त्यातून खिशात ठेवायचं जुनं घड्याळ काढलं, मला वाकायची खूण केली आणि ते माझ्या कानाशी धरलं. मी थांबलो. मान हलवली – नाही. दुसऱ्या कानाशी धरलं. नाही.

'अहो, मला इथे दारात येतेय टिकटिक!' वहिनी म्हणाल्या.

घड्याळ त्यांनी तसंच धरून ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं काय काय दुरुस्त केलं, त्याचा हिशेब नाही. त्या चेहऱ्यावर तोच जुना भाव – कुठे बिघडलंय ते शोधणारा.

मी म्हणालो, 'सभेत बोललो ते – आवाजाबद्दल –'

डावा हात वर केला. पुरे. की जा? कळलं नाही. निघालो.

रविवार, १३ ऑक्टोबर

नोंदवहीत दुसरं नाव परत लिहिलं. हजेरीच्या आधी जाहीर केलं : 'दुरुस्ती. क्रमांक दोन चारही रविवार हजर होते. चूक पुकारणाऱ्याची. त्याला ऐकू येत नव्हतं.' पेपरात दुरुस्त्या सातव्या पानावर, तळाला, बारीक टायपात टाकायचो. ही मोठ्याने वाचली. पाच सेकंदांचा ठराव मागे घेतो, तेही सांगितलं.

बाई शेजारी येऊन बसल्या होत्या, माझे कान म्हणून. 'क्रमांक दोन' पुकारलं. सूर खाली यावा म्हणून डायल जरा सरकवून ठेवली. एक मिनिट. दोन. सगळ्यांचे सेट चालू, पण कुणी बोलायचं बटण दाबलं नाही.

मी बाईंकडे पाहिलं.

'नाही,' त्या म्हणाल्या. 'आज खरंच नाही.'

क्रमांक तीन पुकारला. त्याने 'हजर' म्हटलं आणि चौघांच्या तब्येती विचारल्या. मग सगळेच बोलत राहिले. आठला दहा कमी असताना संपलं. मी मध्ये बोललो नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

कान तपासले. दोन्हीकडे वरचे सूर नाहीत. 'हळूहळू जातं, कळत नाही,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही बाहेर बसली होती, विजयी मुद्रेने. कागद वाचला आणि डोळ्यांना पदर लावला. रस्ताभर माझ्या उजव्या अंगाने चालली आणि मुद्दाम मोठ्याने बोलली.

पुकारायचं काम बाईंनी घ्यावं, असं पत्र क्लबला लिहिलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

वहिनींचा फोन.

'भाऊजी, एक विचारायचंय. शनिवारी तुम्ही गेलात, तेव्हापासून तो डबा उघडून बसलेत. त्यातली छोटी चकती काढलीय. काचेवर कसलीशी पावडर टाकून ती घासतात – डाव्या हाताने. मला काच धरायला लावतात. थोडं घासायचं, पुसायचं, आत बसवायची, हेडफोन लावून ऐकायचं, मान हलवायची, परत काढायची. रविवारीही तेच चाललं होतं. चिडलेत की काय, कळेना.'

चकती म्हणजे क्रिस्टल – डायलवरची त्यांची जागा ठरवणारा स्फटिकाचा तुकडा. तो घासला की त्यांची जागा आपल्याकडे सरकते आणि माझ्या कानातला सूर खाली उतरतो. जरा जास्त घासला गेला तर संपलं. घासलेलं परत जोडता येत नाही. आणि दुसरा नाही.

'चिडले नाहीत, वहिनी. त्यांना म्हणावं, सावकाश.'

त्यांनी तिकडे सांगितलेलं ऐकू आलं. मग टेबलावर काहीतरी वाजलं – चिमटा असावा. जड, खालच्या सुरात. टिंब, रेघ, टिंब.

रविवारी सातला बाई पुकारतील.