निम्मं माझं

मंगळवार, संध्याकाळ. जुळे सोलापूर.

थकले आज. दुधनी गावच्या एका चार महिन्यांच्या बाळाचा जनुक-तपासणीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणून तो आईवडिलांना मलाच सांगावा लागला. रोगाशी लढणाऱ्या पेशी बाळाच्या अंगात तयार होतात, पण त्यांना जगवणारं जनुक वेळेवर चालूच होत नाही. म्हणून त्या मोठ्या होण्याआधीच मरतात. याहून सोपं कसं सांगायचं?

आई म्हणाली, "माझं दूध कमी पडलं व्हय? सासूबाई तसंच म्हणत्यात."

दुधाचा संबंध नाही, हे मी तीनदा सांगितलं. तरी ती दुधाचंच विचारत राहिली. शेवटी सांगितलं की हा दोष दोघांकडून आलाय. एकाकडूनच आला असता तर बाळ आजारी पडलं नसतं. आता अस्थिमज्जा बदलायची, तीही कुणाची जुळली तर. बाळ वाचेल का, हे मला छातीठोक सांगता आलं नाही. त्याची लाज का वाटावी मला?

बाळाच्या वडिलांनी माझ्यासमोरच घरी फोन लावला.

"आई, हिला आता काय बोलू नगंस. निम्मं माझं हाय."

इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसलेली ती तेव्हा रडली.