रिजेक्टचा डबा

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ६.२०
नाक्यावरचा बॅनर दुरुस्त केला. दीपेश केणेच्या वाढदिवसाचा. चुका चार : 'हार्दीक', 'शुभेच्छूक', 'आर्शिवाद' आणि खुद्द 'दिपेश'. दीप म्हणजे दिवा. दी दीर्घ. खाली एकवीस जणांचे गॉगल घातलेले फोटो आणि एकालाही वाचता येत नाही. व्हाइटनर आणि काळा मार्कर वापरला. काम सुबक झालं. कोणी पाहिलं नाही.

६ जानेवारी, सोमवार
पाहिलं होतं.
ड्युटीवरून येताना टपरीवर दीपेशने सगळ्यांसमोर गाठलं. म्हणाला, "बारावी नापास मास्तर आला रं, पाट्या लपवा." सगळे हसले. मी शांतपणे सांगितलं की मी फक्त गणितात नापास आहे, मराठीत मला एकाहत्तर आहेत. तो म्हणाला, "मंग तुजी ती रिमोटची गारी तरी पलते का, का तिलाबी व्याकरण शिकवतस?" (तो गाडीला 'गारी' म्हणतो. घरी मीही म्हणतो. पण लिहीत नाही.)
मी म्हणालो, माझा रिमोटचा ट्रक कुठल्याही ट्रकला हरवेल. त्याच्याकडे ट्रकच नाही. म्हणाला, "बनवतो ना."
ठरलं. ९ फेब्रुवारी, खाडीकडच्या भरावावर, तीन फेऱ्या. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या अभिनंदनाचा बॅनर नाक्यावर लावायचा. मजकूर जिंकणाऱ्याचा, फोटो हरणाऱ्याचा.
म्हणजे मी हरलो तर 'हार्दीक'च्या खाली माझा फोटो. सगळं गाव बघणार. मी कामाला जातो त्या मानकोलीच्या गोडाऊनची बसही तिथेच थांबते. या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवलं. रात्रभर केला नाही. झोपही लागली नाही.

८ जानेवारी, बुधवार
ट्रक तपासला. कंपनीने सगळं प्लास्टिक वापरलंय. नुसती फसवणूक. वजन १ किलो ९०० ग्रॅम (गोडाऊनच्या पार्सल काट्यावर).
संकल्प : एका वेळी एकच बदल. बदल, चाचणी, नोंद. घाई नाही.
मी रिटर्न सेक्शनला आहे. ग्राहकांनी परत पाठवलेला माल बघायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' लेबल लावायचं. चार वर्षांत माझं एकही लेबल चुकलेलं नाही. दीपेश काय करतो? बापाने गोडाऊनला जमीन दिली आणि हा त्या गोडाऊनच्या गेटवर बसतो.

१५ जानेवारी, बुधवार
नवीन मोटर बसवली. दुप्पट ताकदीची. चार सेकंद अप्रतिम चालली. मग आतल्या प्लास्टिक गिअरचं किसलेलं खोबरं झालं.
मोटर निर्दोष. दोष गिअरचा. स्टीलचा मागवला.

१९ जानेवारी, रविवार
स्टीलचा गिअर उत्तम. शाफ्ट पिळला गेला. दोष शाफ्टचा.

२२ जानेवारी, बुधवार
स्टीलचा शाफ्ट उत्तम. चाकाचा हब फुटला. दोष कंपनीचा. एका वेळी एकच बदल हा संकल्प मूर्खपणाचा होता, कोणी केला कळत नाही. सगळंच मेटलचं करायचं.
फुटलेले तीन भाग फेकले. बाकी जुने भाग, निघाले तेवढे, जुनी मोटर धरून, काढून पुसले. प्रत्येकाला वेगळी झिपची पिशवी. लेबलवर भागाचं नाव, बाजू, स्क्रूचं माप, आणि लाल पेनाने 'रिजेक्ट'. चौतीस पिशव्या. सगळ्या क्रमाने आईच्या चकलीच्या डब्यात.
रुचिका (बहीण) म्हणाली, "फेकायचंच आहे तर एवढं लिहितोस कशाला?" तिला सिस्टिम म्हणजे काय ते माहीत नाही.

२५ जानेवारी, शनिवार
नवे भाग बसवले. वजन ३ किलो ८५०. काट्यावर ठेवला तेव्हा सुपरवायझर आला. म्हणाला, "ये कौन सा रिटर्न है?" मी सांगितलं, पर्सनल. म्हणाला, "इसपे भी रिजेक्ट चिपका दे." उत्तर भारतातून आलेला माणूस. रेसिंगमधलं काय कळणार? (मलाही तीन आठवड्यांपूर्वी कळत नव्हतं. पण मी वाचलं.)

२७ जानेवारी, सोमवार
डबा गायब. आईला विचारलं. म्हणाली, "दीपेश तुजं जुनं सामान मागाया आलता, डबा दिला. तूच लिवलंस ना रिजेक्ट? डबा धुवून आनून देतो बोलला."
आधी संताप आला. मग शांतपणे विचार केला आणि आनंद झाला. शत्रूने माझा टाकलेला माल घेतलाय. फक्त सांगाडा, रिमोट आणि चार-पाच भाग विकत आणलेत म्हणे. मी ज्याला नापास केलं त्यातून तो मला हरवणार! बॅनरवरच्या मजकुराचं काम सुरू केलं.

२९ जानेवारी, बुधवार
सहज त्याच्या घरावरून गेलो. मुद्दाम नाही, फक्त तीन वेळा. ओट्यावर बसून ट्रक जोडत होता. 'पुढचा डावा' उजवीकडे लावत होता. लेबल स्पष्ट आहे. डावा म्हणजे ट्रकचा डावा, बघणाऱ्याचा नाही. मला बघवेना. वर जाऊन सांगितलं. मग पाहिलं तर मागच्या शॉकअॅब्सॉर्बरला तीन मिमीच्या जागी चारचा स्क्रू घुसवत होता. तोही काढायला लावला.
दीड तास गेला. दीपेश म्हणाला, "मास्तर, तुजं अक्षर लय भारी हाय. येडा पन जोडंल." मी म्हणालो, जोडतोच आहे. त्याला कळलं नाही, मोठ्याने हसला. त्याच्या आईने चहा दिला. निषेध म्हणून अर्धाच प्यायलो.

१ फेब्रुवारी, शनिवार
किरकोळ अडचण. वेग दिला की ट्रकचं तोंड वर उठतं आणि तो पाठीवर पडतो. ताकद जास्त झाल्याचं हे लक्षण आहे, म्हणजे चांगलंच आहे. महादूकाका लूम (कापडाचे माग) दुरुस्त करतात, त्यांच्याकडून लूमचं जुनं लोखंडी वजन आणून पुढे बांधलं. काका म्हणाले, "ट्रक हाय का नांगर?" लक्ष दिलं नाही.
वजन ४ किलो ५००.

३ फेब्रुवारी, सोमवार
आता तोंड उठत नाही. वळतोही उशिरा. पण भरावावर वळणं फक्त चार आहेत, बाकी सगळं सरळच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
माझ्या बॅनरचा मजकूर फायनल : "शर्यतविजेते श्री. जीवन तरे यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : दीपेश केणे." साधा, शुद्ध. 'वेगाचा बादशहा' खोडलं. उथळ वाटतं. मग कंसात परत लिहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
शेवटची तपासणी. जुना भाग एकच उरलाय : पुढची चाकं वळवणारी प्लास्टिकची पट्टी. नखाएवढी. स्क्रूचं डोकं झिजलंय म्हणून निघाली नाही. वजन सहा ग्रॅम. साडेचार किलोत सहा ग्रॅमने काय होणार?
रात्री अर्धंच जेवलो. आईच्या हातचं वालाचं बिरडं खारट झालं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.३०
निकाल वादग्रस्त.
घडलं ते लिहितो. भरावावर चाळीसेक माणसं. दीपेशच्या ट्रकवर माझी लेबलं तशीच चिकटवलेली. पुढे 'रिजेक्ट', मागे 'रिजेक्ट', टपावर 'मागचा उजवा, ३ मिमी, रिजेक्ट'. लोक हसत होते. मला वाटलं त्याला हसतायत.
सुरुवातीला मी वीस हात पुढे. वीस! हे कोणीही नाकारू शकत नाही. त्याचा ट्रक मागे डुलत डुलत येत होता, लग्नाच्या वरातीतल्यासारखा. पहिलं वळण आलं. मी रिमोट वळवला. पट्टी तुटली. ट्रक वळला नाही. सरळ रेषेत अत्यंत वेगाने गेला, भरावाच्या कडेवरून उडाला आणि खाडीच्या चिखलात पडला. मेटलचा एकही भाग तुटला नाही. लूमच्या वजनामुळे तोंडाकडून आत जात राहिला.
मी काठावर उभा होतो. बूट नवीन होते.
दीपेशने आपला ट्रक थांबवला, पँट गुडघ्यावर केली आणि चिखलात उतरला. त्याच्या घरात आजोबांपासून खाडीत मासे धरतात. चिखलात पाय कसा टाकायचा ते त्याला येतं. माझ्याही घरात धरायचे, पण मी गोडाऊनला आहे. ट्रक शेपटीकडून ओढून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बाप रं! यात काय भरलंस, रेती?" मग हात धुऊन तिन्ही फेऱ्या आरामात पूर्ण केल्या.
हा सगळा दिखावा. ज्याला जिंकायचं असतं तो थांबत नाही. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. महादूकाकांनीही.

१० फेब्रुवारी, सोमवार
मजकूर त्याने परस्पर प्रिंटिंगवाल्याला दिला. मला फक्त फोटो मागितला. गोडाऊनच्या आयकार्डवरचा दिला. प्रूफ बघायची विनंती केली. दीपेश म्हणाला, "मजकूर जिंकनाऱ्याचा." किती चुका करणार आहे देव जाणे. मी नऊपर्यंत मोजून ठेवल्या आहेत.
संकल्प : बॅनर लागल्या लागल्या पहाटे जाऊन दुरुस्त करायचा. माझ्या फोटोखाली एक वेलांटी चुकीची राहू देणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
व्हाइटनर, मार्कर, स्टूल. तिन्ही घेऊन नाक्यावर.
"शर्यतविजेते दीपेश केणे यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : जीवन तरे."
तीन वेळा वाचलं. मग काना, मात्रा, वेलांटी सुटी सुटी तपासली. मग उलटीकडून वाचलं. 'हार्दिक' ऱ्हस्व. 'शुभेच्छुक' ऱ्हस्व. 'दीपेश' दीर्घ. एकही चूक नाही.
मी स्टुलावर असताना दीपेश दुधाची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "तुज्या भयानं शालेतल्या बाईंकडना तपासून घेतला. ती बोलली, दी मोठाच पायजे. तू सांगतव्हतास तो खराच हाय रं." मी उतरताना स्टूल त्याने धरलं.
खाली उतरल्यावर दिसलं. माझ्या फोटोखाली, बारीक अक्षरात : 'सुटे भाग सौजन्य'.
दोन मिनिटं पाहिलं. तेही शुद्ध.
मार्कर शर्टाच्या खिशात ठेवला. टोपण नीट लागलं नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बसमधून उतरलो तर टपरीवर दोघांनी थांबवलं. त्यांनाही ट्रक बनवायचेत. विचारत होते, अजून रिजेक्ट माल आहे का.
सांगितलं, आहे. साडेचार किलो. लेबलं लावून देतो.