आक्काची पाच वर्षं

१२ फेब्रु., सोम.
अंगाची लाही होतेय. शिबिरातून आक्काचा दिव्यांग दाखला आला. अंधत्वाचे कारण: जन्मतः.
वाचून दाखवलं. थोरली बहीण माझी, कधी आवाज न चढवणारी. "जलमापासून? मग आईची हिरवी चोळी कुनी बगितली? हे लिवनाऱ्यानं?"
पाच वर्षांची होईतो दोन्ही डोळ्यांनी बघत होती. मग देवी आल्या.

१३, मंगळ.
आक्काला घेऊन कचेरीत गेले. कारकून म्हणे, "मावशी, देवी आता जगातच नाहीत, यादीत कुठून येणार? जन्मतः टाकलं की काम होतंय."
काम! समोर वणांनी भरलेला चेहरा बसलाय, मान वर केली नाही मेल्यानं.
तेव्हाचा डॉक्टरचा कागद आणा म्हणे.

१६, शुक्र.
कागद कुठला? राणीसावरगावात तेव्हा डॉक्टर बोलावलाच नाही. घरात फोडणी बंद, उशाशी लिंबाचा पाला. औषध दिलं तर देवी कोपेल! त्याआधी लस टोचणारे आले, तर आईनं आक्काला ज्वारीच्या कणगीत लपवलं. आक्का हसत सांगते, "मला वाटलं, लपाछपीत मीच जिंकले."
आईचा फोटो भिंतीकडे फिरवला. संध्याकाळी सरळ केला. मी झाले तेव्हा हीच आई मला टोचायला उन्हातून घेऊन गेली. मग आक्काच्या वेळी का...

२१, बुध.
अर्ज लिहिला. कारण: व्हॅरिओला. कॉन्व्हेंटात सिस्टरनं शिकवलेला, देवीच्या रोगाचा शब्द. लॅटिन, म्हणजे ठिपकेदार. सुटीत आक्काला दिमाखात सांगितला होता. "लय ग्वाड नाव हाय, पोरीला ठिवावं असं."
आज म्हणाली, "देवी आल्त्या असं लिही. रोग-बिग नको."
मी ओरडले. "डोळे नेले तुझे देवीनं!"
"नेले. आदी पाच वर्सं दिल्ती की. ती बी खोडायलेत हे."
दोन्ही शब्द लिहिले.

२६, सोम.
साहेबांना पुरावा हवा. आक्का पुढे वाकली. "हात लावून बगा, साहेब."
त्यांनी हात मागे घेतला. देवी संपल्या ना जगातून? मग भीती कसली?
अर्ज विचाराधीन.
ऑटोत आक्कानं माझ्या दंडावरचा टोचल्याचा गोल वण चाचपला. लहानपणी चाचपायची तसाच.
"बेबी, आई तुला बी लपवायली व्हती. मीच रडले. म्हनलं, हिला कनगीत ठिवू नको."
साठ वर्षांत एकदाही हे बोलली नाही.
उद्या पुन्हा जाते.