बिनपट्ट्यांच्या मानेबाबत माझी शेवटची इच्छा

मी, उद्धव अमृतराव बुरडकर, वय अडुसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार मौजे वांकिडी, जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहीत नाही, सांगत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे नाहीत. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून निवृत्त शिक्षक सुधाकरराव माझे बोलणे उतरवून घेत आहेत. मी सांगेन तसेच लिहायचे, शोभेसाठी काही गाळायचे नाही, असे आमचे ठरले आहे.

कलम पहिले. वांकिडीतील माझे राहते घर, अंगण व त्यामागील कामाची पडवी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्या पश्चात माझी पत्नी मालनबाई हयात असेतो तिचा या सर्वांवर पूर्ण हक्क राहील. माझी नजर जात असल्याचे मी कोणाला सांगितले नव्हते, तरी तिला कळले होते. घरातला तांब्या, चपला, काठी, कंदील, सगळे ती एकाच जागी ठेवू लागली. मला चाचपडावे लागू नये म्हणून. मी त्याबद्दल तिला कधी विचारले नाही, तिनेही कधी विषय काढला नाही. मी डोळस असल्याचे सोंग दोघांनी मिळून केले.

कलम दुसरे. मालनबाईनंतर घर माझा मुलगा भगवान, नोकरीनिमित्त राहणार निर्मल, याच्याकडे जावे. दोन वर्षांपूर्वी तो मला डोळे तपासायला न्यायला आला होता. त्याच्या बायकोसमोर मी त्याला म्हणालो, "मले आंधळा ठरवून घर नावावर करून घेतोस काय?" तो जेवायला बसला होता. ताटावरून उठला नाही, मान खाली घालून जेवला आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तेव्हा गेलो असतो तर नजर थोडी वाचली असती, असे डॉक्टर म्हणतात. भगवान आजतागायत मला त्याची आठवण करून देत नाही. घर त्याला द्यावे, आणि देताना हे कलम त्याच्या बायकोलाही वाचून दाखवावे.

कलम तिसरे. हे लांबेल. सुधाकरराव, शाई भरून घ्या.

माझी मुलगी शकुबाई हिचे यजमान नागनाथराव आसिफाबादेत ऑर्केस्ट्रा चालवतात. लग्नात, गणपतीत त्यांचे कार्यक्रम असतात. त्यांचा बेस गिटार वाजवणारा नागपूरला निघून गेला तेव्हा शकू ते वाजवू लागली. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, खर्जात घुमते. तिच्या लांब दांडीला हे लोक मान म्हणतात. मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. बोट कोणत्या पट्टीपाशी दाबले त्यावर सूर ठरतो. पट्टी केसभर सरकली तर सूरही सरकतो.

मागच्या पावसाळ्यात ओढा ओलांडताना त्यांची जीप कलंडली आणि गिटारची मान मोडली. नागनाथराव म्हणाले, "मामाजी, नागपूरहून नवी आणतो." मी म्हणालो, "मी जिता हाय ना? नागपूर काऊन?"

मोडकी मान नमुन्याला समोर ठेवून मी काम घेतले. चौकटीतून उरलेले जुने सागवान होते, बरीच वर्षे वाळलेले. तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून तिच्या पोटात खाच पाडून लोखंडी सळी बसवायची होती. ती माझे मित्र मारोतराव लोहार यांनी घडवून दिली. वरून शिसमाची फळी चिकटवली. मानेची पाठ मी डोळ्यांनी नव्हे, तळहाताने बघत तासली, आणि आयुष्यात इतकी गुळगुळीत वस्तू माझ्या हातून झाली नव्हती. तेवढे मी आजही म्हणतो.

मग पट्ट्यांच्या खाचा पाडायची वेळ आली. जुन्या मानेवरून मापे घेऊन रेघा मारायच्या होत्या आणि रेघ मला दिसत नव्हती. मी नखाने खूण करून त्यावर करवत धरत होतो. मारोतराव दाराशी उभे राहून ते पाहत होते. हळूच म्हणाले, "उद्धवभाऊ, रेघा मी मारून देऊ काय?"

मी म्हणालो, "तू घोड्याच्या नाला ठोक. सुताराच्या पडवीत येऊन मले शिकवू नको."

ते निघून गेले. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. बंद मी केले, त्यांनी नव्हे. कारण त्यांना माझे गुपित दिसले होते.

नव्या मानेचा पहिला कार्यक्रम वांकिडीतच, दुपारच्या एका लग्नात होता. मी फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसलो. शेजारच्यांना सांगून ठेवले होते की मान माझ्या हातची आहे. पहिले गाणे सुरू झाले आणि खर्ज बेसूर निघाला. गाणारी बाई थांबून मागे वळली. मागून कोणी हसले. नागनाथरावांनी माईकवर सांगितले की मशीनमध्ये बिघाड आहे, दोन मिनिटे माफी असावी. पुन्हा गाणे सुरू झाले. शकूचा हात तारांवर हलताना मला धूसर दिसत होता, पण खर्ज ऐकू येत नव्हता. मला वाटले, आता कानही गेले. मग लक्षात आले, ती तारांना हातच लावत नव्हती. माझी मान बेसूर आहे हे गावाला कळू नये म्हणून माझी लेक अख्खा कार्यक्रम खोटे वाजवत उभी होती. मी जेवणाला न थांबता घरी आलो आणि फेटा सोडून पडवीत बसलो.

पुढच्या आठवड्यात ती गिटार घेऊन आली. मी म्हणालो, "शकू, ते चुलीत घाल. मले नजरेस पडू देऊ नको."

ती म्हणाली, "बाबा, मान पक्की हाय. सळी पक्की हाय. पट्ट्या तेवढ्या चुकल्या."

"पट्ट्या चुकल्या म्हणजे सारंच चुकलं."

"मंग पट्ट्याच काढते," ती म्हणाली.

तिने माझ्या पडवीत, माझ्याच पकडीने एकेक पट्टी उपटून काढली. प्रत्येक पट्टी निघाल्याचा आवाज मी बसून ऐकला. रिकाम्या खाचांत भरायला पांढऱ्या लाकडाच्या पातळ चिपा पाहिजे होत्या. निर्मलच्या खेळण्यांना वापरतात ते हलके लाकूड भगवानने पाठवून दिले. चिपा तिने स्वतः तासल्या, मी फक्त सरस ढवळला. पट्ट्या नसल्या की बोट कुठे ठेवायचे ते कानानेच ठरवावे लागते. ते शिकताना तिचे दोन कार्यक्रम वाया गेले आणि सासरी बोलणी बसली. आता वाजते. गळ्यातून यावा तसा सूर त्यातून येतो, असे लोक सांगतात.

मध्यंतरी एका मोठ्या वादकाने तिला विचारले, अशी बिनपट्ट्यांची मान कोणी करून दिली? ती म्हणाली, "आमच्या बाबांनी. मुद्दाम अशी केली." नागनाथरावांनी हे मला मोठ्या कौतुकाने सांगितले. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. लोक आता पडवीशी येऊन माझी वाहवा करतात आणि मी खाली मान घालून ऐकतो.

म्हणून नमूद करतो की मी ती मुद्दाम तशी केलेली नाही. दिसत नव्हते म्हणून चुकलो, आणि दिसत नाही हे सांगण्याची लाज वाटली म्हणून चुकीवर अडून बसलो.

कलम चौथे. माझे रंधे, पटाशा, करवती, वाकस व भोके पाडायचा सामता ही अवजारे शकुबाईला द्यावीत. भगवानने याला संमती दिली आहे. मारोतरावांना मोठी ऐरण घेऊन द्यायचे माझ्या मनात होते. पण ते साक्षीदार राहणार असल्याने त्यांना काही ठेवणे बरे नव्हे, असे सुधाकरराव सांगतात. मी काल भगवानला त्यांच्याकडे पाठवले, साक्षीला येता काय विचारायला. भगवान परतायच्या आत ते स्वतः दारात आले. "पाणी पाज," म्हणाले, आणि बसले. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. तो इथे लिहून ठेवावा.

कलम पाचवे. ती मान कोणाला ठेवावी याबद्दल मी सांगणार होतो की ती माझ्या चितेवर ठेवावी. शकू इथेच बसली आहे. ती म्हणाली, "सुधाकर गुरुजी, ते नका लिहू. ती मान बाबांची नाही. त्यांनी मले दिली, आता माही हाय."

मी म्हणालो, "पोरी, लोकांना खरं कळलं म्हणजे तुलाच लाज वाटंल."

ती म्हणाली, "खरं लिहा ना. मी कुठं नाही म्हणते? पण त्याच्याखाली हेही लिहा, का उद्या कोणी पट्ट्यांची नवी आणून दिली तरी मी घेणार नाही."

सुधाकररावांनी लेखणी थांबवून मला विचारले, लिहू काय? मी होय म्हणालो. सबब ती मान माझ्या मिळकतीत धरू नये.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही ओळीवर बसत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा करीत आहे. अंगठा कुठे ठेवायचा ते मारोतरावांनी माझा हात धरून दाखवले. या वेळी मी हात सोडवून घेतला नाही.

उद्धव अमृतराव बुरडकर
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)

साक्षीदार :
१. मारोतराव लोहार, राहणार वांकिडी (सही)
२. चंपतराव, किराणा दुकानदार, राहणार वांकिडी (सही)

लिहिणार : सुधाकरराव, निवृत्त शिक्षक (सही)

ठिकाण : वांकिडी
दिनांक : ११ डिसेंबर १९९४